उभ्या गाडीचा हिशेब

साकीनाक्याच्या सिग्नलला संध्याकाळी सातच्या सुमाराला अडकलेल्या पिकअपच्या डॅशबोर्डकडे जरा लक्ष देऊन पाहावे. आरपीएमचा काटा आठशेच्या आसपास थरथरत असतो, तापमानाचा काटा मध्यावर आलेला असतो आणि किलोमीटरचा आकडा मात्र दहा मिनिटांत एकानेही पुढे सरकलेला नसतो. इंजिनाच्या लेखी काम चालूच असते. ऑइल तापते, पट्टा फिरतो, डिझेल जळते, सायलेन्सरच्या वाटेत काजळी साठते. सर्व्हिसच्या पुस्तकाच्या लेखी मात्र त्या दहा मिनिटांत काहीही घडलेले नसते. उपनगरात पहिल्यांदा डिझेल पिकअप घेणारा माणूस फसतो तो या दोन हिशेबांमधल्या फटीत.

असा माणूस बहुधा काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून कपाटे पोचवणारा, वाशीच्या बाजार समितीतून पहाटे भाजी उचलून बोरिवलीच्या नाहीतर मुलुंडच्या मंडईत टाकणारा, मरोळच्या एमआयडीसीतले खोके विमानतळाच्या कार्गोला नेणारा. स्टिअरिंग त्याच्या हातात वर्षानुवर्षे असते, पण बोनेटखाली काय चालले आहे याची चिंता शेठ वाहत असतो. मग एक दिवस डाउन पेमेंट जमते, कर्ज मंजूर होते, झेंडूची माळ घालून नारळ फुटतो आणि हप्त्याच्या जोडीने ऑइल, फिल्टर, पाटे, टायर हे सगळे त्याच्या गळ्यात पडते. हप्ता तारीख चुकवू देत नाही. देखभालीला तारीखच नसते. ‘आज भाडं आहे, उद्या बघू’ हे या धंद्यातले सगळ्यात महागडे वाक्य आहे, आणि ते सगळ्यात सहज बोलले जाते.

गंमत अशी की, ज्या उपनगरांत आज गाड्या मुख्यतः दुरुस्त होतात, तिथेच एके काळी त्या तयार होत होत्या. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून तीनचाकी ‘हॅन्सिएट’ बनवायला घेतली ती गोरेगावात. आकुर्डीचा कारखाना नंतरचा. कुर्ल्यात प्रीमियरच्या फाटकातून पद्मिनी बाहेर पडत होत्या. कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना उभा राहिला. पुढे २००५ मध्ये टाटा मोटर्सने गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेली ‘एस’ बाजारात आणली. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन असलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकले. ती आखताना हा चमू तीनचाकीवाल्यांशी बोलत फिरला, तेव्हा चार चाकांची गाडी असली की लग्न लवकर जमते असेही एकाने ऐकवले, असे सांगितले जाते. अवजड ट्रकना गर्दीच्या वेळी शहरात बंदी आणि हातगाडीने परवडत नाही, या दोहोंच्या मधली जागा छोट्या हत्तीने आणि त्याहून दणकट बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांनी भरून काढली.

कांदिवलीच्या त्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून ट्रॅक्टर बनत आले आहेत आणि ट्रॅक्टरच्या पॅनेलवर एक गोष्ट असते जी पिकअपच्या पॅनेलवर सहसा नसते: तास मोजणारे मीटर. ट्रॅक्टर किती किलोमीटर चालला हे कुणी विचारत नाही. पहिली सर्व्हिस साधारण पन्नास तासांनी, पुढची अमुक तासांनी, अशीच भाषा असते. कारण नांगरणीला लावलेले इंजिन दिवसभर राबते आणि बांध ओलांडत नाही. जनरेटरचेही तेच. उपनगरातली पिकअप कागदोपत्री रस्त्यावरचे वाहन असली, तरी तिच्या इंजिनाचे आयुष्य ट्रॅक्टरच्या जवळचे आहे. साधे गणित करून पाहावे. हायवेवर ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर व्हायला २०० तास लागतात. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, एलबीएस मार्ग आणि एस. व्ही. रोड यांच्यात अडकून ताशी १५ ची सरासरी पडली, तर तेवढ्याच किलोमीटरना जवळजवळ ६७० तास लागतात. आकडा तोच, पण ऑइलने मात्र तिपटीहून जास्त वेळ भट्टीत काढलेला असतो.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. बहुतेक सगळ्या गाड्यांच्या पुस्तकात नेहमीच्या तक्त्याशेजारी कठीण वापराचा दुसरा तक्ता किंवा निदान एखादी तळटीप असते. सतत थांबत-थांबत चालवणे, धुळीचा रस्ता, कायम भरलेला हौदा, छोट्या-छोट्या फेऱ्या, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे, ही त्यातली लक्षणे. ती वाचून घाटकोपरच्या माणसाला आपलीच दिनचर्या कुणीतरी लिहून ठेवल्यासारखे वाटेल. अडचण एवढीच, की ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच राहते आणि सेल्समनने तोंडी सांगितलेला मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो. तो आकडा मोकळ्या रस्त्याचा असतो. उपनगरात तो निम्म्यावर आणला तरी फारसे चुकणार नाही.

ऑइलपासूनच सुरुवात करावी. सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बाहेर काढून पाहायची. पुसल्याशिवाय घेतलेले माप खोटे असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे हवी. आता नवा मालक घाबरतो ते रंगाने. परवाच बदललेले ऑइल आज काळेकुट्ट! पेट्रोल स्कूटरवर वाढलेल्या माणसाला वाटते, गॅरेजवाल्याने जुनेच ओतले. डिझेलमध्ये ऑइल काही तासांतच काळे होते, कारण ज्वलनातली काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळ्या रंगाने घाबरू नये.

घाबरावे ते पातळी वाढली तर. हे ऐकायला उलटे वाटते.

‘‘दादा, ऑइल खात नाही हो गाडी, उलट वाढतंय,’’ असे कौतुकाने सांगणारा मालक मिस्त्रीला भेटतो, तेव्हा शहाणा मिस्त्री ताबडतोब काठीचा वास घेतो. डिझेलचा वास आला, की पुढचा प्रश्न ऑइलचा राहत नाही. तो धुराचा होतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधले गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसली. ही गाळणी भरली की आत साठलेली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. हायवेवर भरल्या गाडीने वेग धरला की हे काम बरेचसे आपोआप होते. अंधेरीच्या गर्दीत धूर तेवढा तापतच नाही. मग गाडीचा संगणक युक्ती करतो: सिलिंडरमध्ये उशिराने थोडे जास्तीचे डिझेल फवारतो, म्हणजे ते धुराबरोबर जाऊन गाळणी तापवेल. नेमके त्याच वेळी मालाची जागा येते, ड्रायव्हर चावी बंद करतो आणि जाळण्याचे काम अर्धवट राहते. दिवसातून चार वेळा असे झाले, की जादा फवारलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळते. पातळी वाढते ती अशी. पातळ झालेले ऑइल बेअरिंगना सांभाळू शकत नाही आणि किलोमीटर कितीही कमी असले तरी ते बदलावेच लागते.

यावर उपाय पुस्तकातच असतो, फक्त तो उपनगरी स्वभावाच्या विरुद्ध आहे. डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करून ‘उद्या दाखवू’ म्हणायचे नाही. रात्री रस्ता मोकळा झाला की घाटकोपरवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागायचे आणि मुलुंडच्याही पुढे, ठाण्याच्या दिशेने, पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवायचे. पश्चिमेला असाल तर बोरिवलीवरून दहिसरच्या पलीकडे. भाड्याशिवाय हायवेला डिझेल जाळत फिरणे कंजूस मालकाच्या जिवावर येते. पण दिवा तसाच ठेवला, तर गाडी आधी ताकद कमी करते, मग हटून बसते आणि गाळणीचा खर्च त्या वीस मिनिटांच्या डिझेलशी तुलनाच होऊ देत नाही. तोच न्याय ऑइलच्या डब्यालाही. बीएस-६ डिझेलला कमी राख सोडणारे ऑइल लागते, कारण काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. नाक्यावरच्या दुकानात ‘हेच सगळे टाकतात’ म्हणून मिळणारा स्वस्त डबा इथे महाग पडतो.

ज्या गाड्यांना डीईएफ लागते त्यांच्या मालकांसाठी एक जादा इशारा. निळ्या झाकणाच्या टाकीत जाणारे हे द्रावण म्हणजे अतिशुद्ध पाण्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया. हे ऐकून काही जण खताचा युरिया नळाच्या पाण्यात ढवळतात. खतातली अशुद्धता आणि पाण्यातले क्षार मिळून फवारणीच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात आणि पुढचा कॅटलिस्ट कामातून जातो. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर चावीसुद्धा फिरवू नये. टाकी रिकामी करून घ्यावी.

डिझेलचे स्वतःचे एक जुने दुखणे आहे, ते म्हणजे पाणी. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री गार होते, पाणी सुटते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून जून ते सप्टेंबर रात्री टाकी भरून ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय अगदी रास्त आहे. उरलेले पाणी फिल्टरच्या तळाच्या वाटीत साठते. तिथे एक छोटा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून तो दोन फेरे सैल केला, की आधी गढूळ थेंब येतात, मग बाटलीत दोन थर दिसू लागतात, खाली पाणी आणि वर पिवळसर डिझेल. नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा, हँड पंप दाबून लाइनमधली हवा काढायची आणि गाडी सुरू करायची. पाच मिनिटांचे काम. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने फवारले जाते. त्या पंपाला दुसरे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. पाण्याचा थेंब तिथे पोचला की पंप आणि नोझल दोन्ही गेले समजावे.

भेसळीचेही तेच. रॉकेलात वंगणाचा गुण कमी, म्हणून जुने दणकट इंजिन जे पचवत असे ते नव्या पंपाला झेपत नाही. महाराष्ट्रात इंधनाची भेसळ हा पैशांपुरता विषय कधीच नव्हता. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलमाफियांनी जिवंत जाळले ते याच धंद्यावर हात टाकला म्हणून. लिटरमागे चार-पाच रुपये वाचतात म्हणून ड्रममधले ‘बायोडिझेल’ घेणाऱ्याने पैसे नक्की कुणाला जातात आणि आपल्या टाकीत काय येते, दोन्हींचा विचार करावा.

गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला मात्र बराचसा मॅटेडोर आणि ४०७ या गाड्यांच्या काळातला असतो. त्यातला काही सोन्यासारखा, काही कालबाह्य. सकाळी दहा मिनिटे इंजिन तापवायचे, ही सवय थंड प्रदेशाची. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि तेही १९६२ च्या जानेवारीतले. मुंबईच्या सकाळी अर्धा-एक मिनिट पुरते, पुढचे पहिले दोन-चार किलोमीटर संथ चालवले की झाले. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे, हा दुसरा समज. आजचे इंजिन गिअरमध्ये उतरत असताना फवारणी पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला चालू ठेवण्यासाठी त्याला डिझेल लागतेच. त्याहून वाईट म्हणजे काही जण इंजिनच बंद करतात. डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पॅडल दगडासारखे होते, आणि गायमुखच्या उतारावर दोन टनांचे वजन मागून ढकलत असताना ते कळणे बरे नव्हे. असल्फ्याच्या चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची कसरतही तशीच. ती दिसते ऐटबाज, पण क्लच प्लेटचा जीव घेते. टर्बोबद्दलचा जुना सल्ला तेवढा आजही खरा: नाशिकहून दमून आलेली गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी, कारण मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला ऑइल इंजिनाकडूनच मिळते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा दिवस पुन्हा न येवो. पण अंधेरी, मालाड आणि मिलन हे सबवे तुंबायला तेवढ्या पावसाची गरज नसते. पाण्यात बंद पडलेल्या डिझेल गाडीला पुन्हा सेल्फ मारणे हा सगळ्यात मोठा गुन्हा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढावी आणि गाडी ओढून बाहेर न्यावी. पाण्यातून सुखरूप निघालेल्या गाडीचेही एक काम बाकी असते, आणि ते फार थोडे जण करतात. चालून तापलेला मागचा डिफरन्शियल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. दोन दिवसांनी त्याचे ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर बदलावे. न पाहिल्यास ऐन दिवाळीच्या हंगामात मागून गुणगुण सुरू होते.

समुद्राचा त्रास पावसाळ्यापुरता नसतो. वर्सोवा आणि मढच्या बंदरांवरून मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून दिवसभर बर्फाचे खारे पाणी पाट्यांवर आणि चासीवर ठिबकत असते. वरून गाडी चकाचक, मागे फाळक्यावर रंगवलेली नावे आणि नक्षी ताजी, आणि खाली यू-बोल्ट गंजून फुगलेले. हे मालक गाडी रोज धुतात, पण वरून. खरे तर धुवायला हवी ती खालून, गोड्या पाण्याने, आणि मग निपलांना ग्रीस. जुने मळकट ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन दाबायची.

धुळीबद्दल वेगळे सांगायला नको. एलबीएस मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहू लागल्यापासून भांडुप-मुलुंडची हवा चाळणीने चाळावी अशी झाली. एअर फिल्टर हवेच्या नळीने साफ करताना झोत आतून बाहेर मारावा. बाहेरून मारला तर धूळ कागदात रुतते, आणि कागद फाटला तर थेट टर्बोत जाते.

वजनाचा हिशेब इयत्ता चौथीचा आहे. १.७ टनाच्या पिकअपमध्ये पन्नास किलोची सिमेंटची ३४ पोती बसतात. साइटवरचा माणूस ‘अजून सहा टाक, शेवटची फेरी आहे’ म्हणतो आणि गाडी दोन टनांवर जाते. सुधारित कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे दोन हजार दंड आहे, पण दंड एकदा होतो. पाटे, हब बेअरिंग, ब्रेक लायनर हे रोज भरत राहतात. टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये, रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगवेगळी ठेवावी. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नव्हे.

कागदांचे काम सोपे. नव्या मालवाहू गाडीला फिटनेस दोन वर्षांचे, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. पीयूसी पहिल्या वर्षानंतर दरवर्षी. पासिंगच्या आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये रांग लावून दिवे, ब्रेक आणि रिफ्लेक्टर नीट करण्याची पद्धत आहे. ते वर्षभर तसेच राहिले तर कुणाची हरकत नसावी.

कंपन्यांनी कठीण वापराचा तक्ता मराठीत, ठळक अक्षरांत, पहिल्या पानावर छापावा आणि कांदिवलीच्या ट्रॅक्टरवर असते ते तासांचे मीटर शहरी पिकअपलाही द्यावे. काही नव्या गाड्यांच्या मोबाइल ॲपवर इंजिन किती वेळ चालू होते हे दिसते; तिथे सोय झालीच आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी डायरीत रोजचे तास अंदाजाने का होईना टिपावेत आणि तीनशे-साडेतीनशे झाले की किलोमीटर न पाहता ऑइल तपासून घ्यावे. आणि जो आज-उद्या शोरूममध्ये पहिली पिकअप घ्यायला जाणार आहे त्याने सेल्समनला एकच गोष्ट विचारावी: कठीण वापराचा तक्ता कुठल्या पानावर आहे? तो बोट ठेवून दाखवेपर्यंत हार-पेढ्यांच्या फोटोसाठी उभे राहू नये.